दहा भिक्षुणी हव्यात

भिक्षुणींच्या पातिमोक्खात, म्हणजे त्यांच्या नियमावलीत, 'पाचित्तिय' नावाचा एक मोठा वर्ग आहे. असा दोष हातून घडला तर दुसऱ्या भिक्षुणीपुढे तो कबूल करायचा, की तिथे तो संपला. पाली परंपरेत भिक्षुणींसाठी असे १६६ नियम आहेत आणि त्यांतला अगदी पहिला नियम लसणाचा आहे. भिक्षुणीने लसूण खायचा नाही.

विनयपिटक, म्हणजे संघाच्या नियमांचा ग्रंथ, यामागची हकिकतही सांगतो. श्रावस्तीच्या एका उपासकाने भिक्षुणींना लसूण देऊ केला होता. आल्या तर प्रत्येकीला दोन-तीन जुड्या दे, असं त्याने शेताच्या राखणदारालाही सांगून ठेवलं होतं. मधे सण आला आणि घरातला लसूण संपला. मागायला आलेल्या भिक्षुणींना त्याने शेतावर पाठवलं. त्यांच्यात थुल्लनंदा होती. विनयातल्या कितीतरी भानगडींत जिचं नाव येतं तीच ही थुल्लनंदा. तिने मोजमाप न ठेवता लसूण उचलून नेला. राखणदार कुरकुरला, गावात बोभाटा झाला, गोष्ट बुद्धांच्या कानावर गेली आणि नियम झाला. नियमाच्या जोडीला सवलतीही आल्या. कांदा चालेल, कालवणात, मांसात किंवा तेलात पडलेला लसूणही चालेल. लसूण भिक्षूंनाही वर्ज्यच, पण त्यांचा दोष हलक्या वर्गातला.

विनयाची सगळी घडण अशीच आहे. आधी प्रसंग, मग तक्रार, मग नियम. पाली परंपरेत भिक्षूंचे नियम २२७ आणि भिक्षुणींचे ३११. भिक्षुणींच्या ३११ पैकी १८१ भिक्षूंशी समाईक आहेत, उरलेले १३० फक्त त्यांचे. चिनी परंपरेने स्वीकारलेल्या धर्मगुप्तक विनयात हा हिशेब २५० आणि ३४८ असा आहे. बायकांवर बंधनं जास्त, हा निष्कर्ष आकड्यांवरून लगेच निघतो आणि तो खोटाही नाही. पण एकेक नियम उघडून पाहिला की चित्र गुंतागुंतीचं होतं.

लोकरीचा प्रसंग घ्या. सहा भिक्षूंचं एक वात्रट टोळकं विनयात वारंवार भेटतं. त्यांनी मेंढ्यांची लोकर आणून भिक्षुणींच्या हवाली केली. धुवा, रंगवा, पिंजा. काही दिवसांनी बुद्धांनी आपल्या मावशीला, भिक्षुणी महाप्रजापती गौतमीला विचारलं, भिक्षुणींचा अभ्यास कसा चाललाय? ती म्हणाली, लोकर धुण्यातून सवड मिळाली तर अभ्यास होणार. त्यावर नियम झाला की नात्यात नसलेल्या भिक्षुणीकडून लोकर धुऊन घेणारा भिक्षू दोषी ठरेल आणि ती लोकर त्याला टाकावी लागेल. जुनं चीवर धुऊन घेण्याबद्दलही असाच नियम आहे. घरदार सोडून आलेल्या बायकांच्या गळ्यात पुन्हा धुण्याभांड्याचं काम पडू नये, ही काळजी भिक्षूंच्या पातिमोक्खात लिहिली गेली आहे.

आंघोळीच्या वस्त्राची गोष्टही तशीच. भिक्षुणी अचिरवती नदीवर गणिकांच्याच घाटावर उघड्या न्हात असत. गणिका त्यांची थट्टा करत: तरुणपणी कसलं ब्रह्मचर्य, आत्ता मौज करा, म्हातारपणी व्रत करा, दोन्ही साधेल. भिक्षुणी ओशाळून गेल्या. विशाखा उपासिकेने बुद्धांकडे जे आठ वर मागितले, त्यांत भिक्षुणींना स्नानवस्त्र पुरवण्याचा एक होता. भिक्षूला तीन चीवरं पुरतात, भिक्षुणीला पाच लागतात: संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक यांच्या जोडीला छातीवरचं वस्त्र आणि हे स्नानवस्त्र.

या पार्श्वभूमीवर अगदी सुरुवातीचे म्हणून सांगितलेले आठ नियम वेगळे उठून दिसतात.

कथा सर्वश्रुत आहे. बुद्धांची मावशी आणि त्यांना वाढवणारी महाप्रजापती गौतमी हिने कपिलवस्तूत तीनदा प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून संघात येण्याची परवानगी, मागितली आणि तिन्ही वेळा नकार मिळाला. मग केस उतरवून, काषाय वस्त्रं नेसून ती शाक्य स्त्रियांसह चालत वैशालीला गेली. पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेलं, अशी ती दारात रडत उभी राहिली. बुद्धांचा शिष्य आनंद याने रदबदली केली. स्त्रीला अर्हत्पद मिळू शकतं का, असं त्याने विचारलं आणि होकार आल्यावर मग अडवता का, हा मुद्दा लावून धरला. परवानगी मिळाली ती आठ 'गरुधम्मां'च्या, म्हणजे भारी नियमांच्या, अटीवर. उपसंपदेला, म्हणजे पूर्ण दीक्षेला, शंभर वर्षं झालेल्या भिक्षुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला उठून वंदन करावं, ही पहिली अट. जिथे भिक्षू नाही तिथे वर्षावास करू नये, भिक्षुणीने भिक्षूला दोष दाखवू नये, अशा आणखी. सहावी अट उपसंपदेची आहे: शिक्षमाणा म्हणून दोन वर्षं सहा शीलं पाळावीत आणि मग दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यावी.

यात एक पेच आहे. इतर नियम प्रसंग घडल्यावर होतात, हे आठ मात्र प्रसंगाआधीच. शिवाय शिक्षमाणेची दोन वर्षं ही विनयात दुसरीकडे वेगळ्या कारणाने आलेली दिसतात. भिक्षुणींनी एका गरोदर बाईला उपसंपदा दिली, लोक बोलू लागले, तेव्हा नियम झाले. मग एकही भिक्षुणी नसताना गौतमीपुढे ही अट कशी आली? आपल्या धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात हे आठ नियम मागाहून जोडले गेले असावेत, असं मत मांडलं. गोव्यातल्या सांखवाळचे कोसंबी स्वतः भिक्षू झालेले. विनय त्यांनी संघात राहून शिकलेला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली 'महाबोधी'त लिहिलेल्या लेखात बुद्धांवरच्या स्त्रीद्वेषाच्या आरोपाचा समाचार घेतला. स्त्रीला प्रव्रज्येचा आणि ज्ञानाचा हक्क देणं हे त्या समाजात केवढं मोठं पाऊल होतं, यावर त्यांचा भर होता.

आता खुद्द उपसंपदेचा विधी पाहू, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावरच अडतो आणि सुटतो.

उमेदवार स्त्रीला चोवीस प्रश्न विचारतात. तू स्वतंत्र आहेस ना, कुणाची दासी नाहीस ना? कर्ज नाही ना? राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईबाप आणि नवरा यांची संमती आहे का? पात्र आणि पाच चीवरं पुरी आहेत का? या यादीत शरीराबद्दलचे, पाळीबद्दलचे प्रश्नही आहेत. सुरुवातीला ते भिक्षू विचारत. बायका लाजेने गप्प होत. म्हणून ठरलं की हे प्रश्न भिक्षुणीसंघात भिक्षुणींनीच विचारावेत. तिथे उपसंपदा झाल्यावर तिला भिक्षुसंघापुढे न्यावं आणि तिथे पुन्हा तिला मान्यता मिळावी. दोन्हीकडे एकदा प्रस्ताव आणि तीनदा घोषणा, आणि संघ गप्प राहिला तर ते संमत. मग लगेच सावली मोजायची. ऋतू कोणता, दिवसाचा कितवा प्रहर, हेही सांगून ठेवायचं, कारण पुढे आयुष्यभर बसण्याचा क्रम या क्षणावरून ठरणार. भिक्षूला निर्वाहाचे चार आधार सांगतात, भिक्षुणीला तीन. झाडाखाली राहणं तिच्या यादीतून गाळलेलं आहे.

भिक्षुणीसंघाचा कोरम साधारण दहाचा. आणि नेमकी इथेच परंपरेची ताकद आणि तिचा धोका एकत्र आला. भिक्षुणी घडवायची तर आधीच्या भिक्षुणी हव्यात. म्हणजे शिष्यांना पारखणं, शिकवणं, आपल्यात घेणं हे काम स्त्रियांच्या हातात राहिलं. पण एखाद्या देशात त्यांची संख्या दहाच्या खाली गेली की धागा तुटलाच.

दिनक्रमही या नियमांनीच आखला. सकाळी पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला जायचं, दुपारच्या आत जेवायचं, त्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत घन आहार नाही. पंधरवड्याला उपोसथ, त्यात पातिमोक्खाचं पठण. पावसाळ्यात एका जागी मुक्काम आणि शेवटी प्रवारणा, म्हणजे माझं काही चुकलेलं पाहिलं-ऐकलं असेल तर सांगा, अशी संघाला विनंती. भिक्षुणीने गावात एकटीने जायचं नाही, नदी एकटीने ओलांडायची नाही, रात्री एकटीने राहायचं नाही. अरण्यात राहणाऱ्या भिक्षुणींवर गुंडांनी हात टाकल्यावर त्यांना अरण्यवासही बंद झाला. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्री इत्सिंग लिहितो की इथल्या भिक्षुणी चीनमधल्यांहून फार वेगळ्या आहेत. भिक्षेवर जगतात, साधेपणाने आणि गरिबीत राहतात, बाहेर पडल्या तर जोडीने पडतात.

महाराष्ट्रातल्या लेण्यांकडे हा अरण्यवासाचा नियम लक्षात ठेवून पाहावं. डोंगरातले विहार प्रामुख्याने भिक्षूंचे. मग दानलेखांतून भेटणाऱ्या भिक्षुणी राहत कुठे? जुन्नरच्या एका लेखात गिरिभूती नावाच्या दात्याने लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दिल्याची नोंद आहे आणि त्याच लेखात नगरातल्या धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्षुणी-उपाश्रयाचाही उल्लेख येतो. लेणं डोंगरात, उपाश्रय गावात. विनयातला नियम आपल्या घाटमाथ्यावर असा दगडात कोरलेला सापडतो.

रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यातला लेख तर एका घराण्याचा दाखलाच आहे. दान देणारी पदुमनिका ही प्रव्रजिता, तिची आई नागनिका हीसुद्धा प्रव्रजिता, दोन मामा थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, आणि दानात सहभागी असलेल्या तिच्या शिष्या बोधी आणि असाळ्हमिता. आईकडून मुलीकडे आणि गुरूकडून शिष्येकडे, अशा दोन्ही अंगांनी चाललेली परंपरा एका लेखात मावली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वेदिकेचं दान देणारी एक भिक्षुणी घुणिकाची आई म्हणून नोंदलेली आहे. संसार करून, मुलं वाढवून मग संघात आलेल्या बायकाही असत, याचा हा पुरावा. या बायका दान देत होत्या, म्हणजे त्यांच्या शब्दावर खर्च करणारी माणसं किंवा त्यांचं स्वतःचं काही धन त्यांच्याकडे होतं. नियमात गरीब आणि लेखात दात्री, असं हे दुहेरी रूप सांची-भारहुतच्या लेखांतही दिसतं.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा धागा समुद्र ओलांडून गेला होता. लंकेत सम्राट अशोकाचा मुलगा महिंद पोचला आणि राजघराण्यातल्या अनुलेने प्रव्रज्या मागितली. महिंदाने ती दिली नाही. भिक्षुणी नसताना भिक्षुणी करता येत नाही, माझ्या बहिणीला बोलवा, असं त्याने सांगितलं. मग अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन, सोबत भिक्षुणी घेऊन अनुराधपूरला गेली. बोधिवृक्षाची गोष्ट सगळे सांगतात, पण तिच्याबरोबर गेलेल्या भिक्षुणींशिवाय लंकेत संघ उभा राहिला नसता.

तिथून तो पुढे गेला चीनला. चीनमध्ये चौथ्या शतकापासून स्त्रिया केस उतरवत होत्या, पण त्यांना उपसंपदा मिळे ती फक्त भिक्षूंकडून, कारण दुसऱ्या संघातल्या बायकाच नव्हत्या. ४२९ साली नंदी नावाच्या जहाजमालकाच्या गलबतातून लंकेच्या काही भिक्षुणी आजच्या नानजिंगला उतरल्या. त्यांनी चौकशी केली: तुमच्याकडे याआधी परदेशी भिक्षुणी आलेल्या नाहीत, मग तुमची उपसंपदा दोन्ही संघांकडून झाली कशी? चिनी भिक्षुणी अस्वस्थ झाल्या. गुणवर्मन या भारतीय आचार्याने त्यांना धीर दिला की तुमची दीक्षा खोटी नाही, पण पुन्हा घ्यायची असेल तर चांगलंच आहे. अडचण होती संख्येची, कारण आलेल्या भिक्षुणी दहा भरत नव्हत्या. मधल्या काळात गुणवर्मन वारले. नंदी पुन्हा जहाज घेऊन गेला आणि ४३३ मध्ये आणखी भिक्षुणी घेऊन आला. आधी आलेल्यांनी तोवर चिनी भाषा शिकून घेतली होती. मग आचार्य संघवर्मनच्या देखरेखीखाली तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांना दोन्ही संघांकडून उपसंपदा मिळाली. सहाव्या शतकात बाओचांग नावाच्या भिक्षूने चिनी भिक्षुणींची ६५ चरित्रं लिहून ठेवली म्हणून हे सगळं आपल्याला कळतं. चीनमधून ही परंपरा कोरियात आणि पुढे तैवानमध्ये गेली. तैवानमध्ये तर आज भिक्षूंपेक्षा भिक्षुणी जास्त आहेत.

ज्या लंकेने हे दिलं, तिथेच ते विझलं. अकराव्या शतकात चोळांच्या स्वारीत अनुराधपूर उद्ध्वस्त झालं आणि दोन्ही संघ मोडले. पहिल्या विजयबाहूने पुढे ब्रह्मदेशातून भिक्षू आणून भिक्षुसंघ पुन्हा उभा केला. भिक्षुणींसाठी तसं कुणी केलं नाही. नंतरच्या शतकांत ब्रह्मदेशातला भिक्षुणीसंघही नाहीसा झाला. भारतातल्या भिक्षुणी तर त्यांच्या विहारांबरोबरच दिसेनाशा झाल्या. तिबेटात भिक्षुणींची पूर्ण उपसंपदा रुजलीच नाही. तिथल्या स्त्रिया श्रामणेरीच्या, म्हणजे पूर्ण दीक्षेआधीच्या, पायरीवर राहिल्या.

मग स्त्रियांनी काय केलं? मधल्या पायऱ्या शोधल्या. ब्रह्मदेशात गुलाबी वस्त्रातल्या थिलाशिन, सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, पांढऱ्या वस्त्रातल्या मे-ची, श्रीलंकेत दहा शीलं घेतलेल्या दससिल माता. डोकं उतरवलेलं, व्रतं कडक, आयुष्यभराचा त्याग, पण संघात जागा नाही. भिक्षूला मिळणारा मान आणि मदत यातलं फारसं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. सयाममध्ये १९२८ साली नरिन फासित याने आपल्या दोन मुलींना श्रामणेरी करवलं, तेव्हा संघराजाने हुकूम काढला की कोणत्याही भिक्षूने स्त्रीला दीक्षा देऊ नये. त्या मुलींना अटक झाली.

धागा पुन्हा जोडला गेला तो सारनाथला. डिसेंबर १९९६ मध्ये दहा श्रीलंकन स्त्रियांनी, ज्यांच्यात कुसुमा या विदुषी होत्या, कोरियन भिक्षुणींच्या उपस्थितीत उपसंपदा घेतली. १९९८ च्या फेब्रुवारीत बोधगयेला अनेक देशांतल्या स्त्रियांसाठी मोठा विधी झाला आणि मार्चमध्ये श्रीलंकेतच दंबुल्ल इथे इनामलुवे सुमंगल थेरांनी पुढाकार घेतला. पाचव्या शतकात लंकेने जे दिलं होतं, ते दीड हजार वर्षांनी कोरियाकडून परत आलं. थायलंडच्या धम्मनंदा, पूर्वाश्रमीच्या प्राध्यापक चत्सुमार्न कबिलसिंह, २००३ साली श्रीलंकेत भिक्षुणी झाल्या. भूतानमध्ये २०२२ साली तिथल्या प्रमुख धर्माचार्यांनी शंभराहून अधिक स्त्रियांना पूर्ण उपसंपदा दिली. महाराष्ट्रातही १९५६ नंतरच्या धम्मचळवळीतून आलेल्या स्त्रिया चीवर घेतात, आणि लोक त्यांना आर्याजी म्हणतात.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: परंपरा एकदा तुटली, ती दुसऱ्या पंथाच्या भिक्षुणींकडून कशी जोडणार? कोरिया-चीनचा विनय धर्मगुप्तकांचा, लंकेचा थेरवादी, दोन्ही वेगळे. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण विनयाचे आजचे अभ्यासक, भिक्खू बोधी आणि अनालयो, मूळ पाली ग्रंथाकडे बोट दाखवतात. भिक्षुणी नसताना भिक्षूंनी स्त्रियांना उपसंपदा द्यावी, ही बुद्धांची परवानगी तिथे आहे आणि ती कुठेही स्पष्टपणे रद्द केलेली नाही.

त्याहून मोठं उत्तर खुद्द भिक्षूंच्या इतिहासात आहे. श्रीलंकेत भिक्षूंची परंपरा अकराव्या शतकात तुटली, ती ब्रह्मदेशाने जोडली. अठराव्या शतकात ती पुन्हा तुटली, तेव्हा १७५३ साली कँडीच्या राजाने सयामहून उपाली थेरांना बोलावलं. आजचा सियाम निकाय हा भिक्षूंचा पंथ त्यांच्यापासून चालत आलेला. १८०० च्या सुमारास अमरपूर निकायासाठी पुन्हा ब्रह्मदेशाकडे जावं लागलं. या तिन्ही जोडण्यांबद्दल कुणी शंका घेत नाही. पुरुषांची परंपरा तुटली की बाहेरून माणसं आणून ती उभी करायची आणि बायकांची तुटली की शास्त्राचं कारण पुढे करून ती कायमची संपली असं म्हणायचं, ही दोन मापं आहेत, आणि भिक्षुणींच्या बाबतीत खरी अडचण आहे ती हीच. १९२८ चा तो सयामी हुकूम अजून मागे घेतलेला नाही. लंकेला भिक्षू देणाऱ्या त्या देशातल्या स्त्रिया आज भिक्षुणी व्हायला लंकेला जातात.